पोट, मन आणि पथ्य



आपल्यापैकी पुष्कळांनी वज्रेश्वरीची वाट कधी ना कधी धरली असेल. भिवंडीहून नाहीतर वसईहून एस.टी.ने निघावे, तानसा नदीच्या बाजूच्या त्या गावी उतरावे, अकलोली-गणेशपुरीच्या ऊन पाण्याच्या कुंडांत अंग शेकून घ्यावे, पायऱ्या चढून देवीचे दर्शन घ्यावे आणि संध्याकाळी घरी परतावे, हा आपला परिपाठ. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी देवीला नवस बोलला, 1739 साली वसई हाती आली आणि त्यातून आजचे देऊळ उभे राहिले, ही हकीकत तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चैत्र अमावास्येला तिथे मोठी जत्रा भरते.

या कुंडांवर कोण येते? गुडघे धरलेले, पाठ आखडलेली, खरूज-गजकर्णाने बेजार झालेली माणसे येतात. अंगावरचे दुखणे दिसते, दाखवता येते, त्याविषयी कुंडाच्या काठावर बसून गप्पाही मारता येतात. पण मला आज बोलायचे आहे ते निराळ्या यात्रेकरूविषयी. त्याचे दुखणे पोटात आहे, आणि ते चारचौघांत बोलायचे नाही असे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले आहे.

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. भिवंडीत यंत्रमागावर काम करणारा, तिशीच्या आतबाहेरचा एक तरुण आहे. घरची सगळी मंडळी जत्रेला निघाली आहेत. याने काल दुपारपासून पोटात अन्नाचा कण घेतलेला नाही. उपवास म्हणाल तर तोही नाही. एस.टी. वाटेत हवी तिथे थांबत नाही, आणि त्याला शौचाची भावना झाली की दम म्हणून निघत नाही. तेव्हा पोट रिकामेच ठेवलेले बरे, एवढाच त्याचा हिशेब. आई म्हणते, "अरे, निदान प्रसादाचा घास तरी घे." तो म्हणतो, "नको आई, मला सोसत नाही." वहिनी म्हणते, "हल्ली भावोजी फार चिडके झालेत." आणि तो देवळाच्या पायरीवर कडेला बसून राहतो. भोवती हजार माणसे, पण हा एकटाच.

हा तरुण मी कल्पनेने उभा केला आहे. परंतु त्याच्यासारखी माणसे खरोखरीच आहेत, आणि कदाचित आपल्या घरातही असतील. त्यांच्या आतड्याचा, मनाचा आणि ताटाचा एकमेकांशी काय संबंध असतो, तो आज पाहू.

प्रथम आजार समजून घेऊ. आपले पोट अधूनमधून बिघडते, ते हे नव्हे. या आजाराला आतड्यांचा दाहविकार म्हणता येईल. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात, आणि शौचावाटे रक्त व शेंब पडते. लंडनच्या सॅम्युएल विल्क्स या डॉक्टरने 1859 साली या आजाराची नोंद केली. दुसरा क्रोन्स डिसीज. न्यू यॉर्कचे डॉक्टर बरिल क्रोन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी 1932 साली याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. बहुधा लहान आतड्याचा शेवटचा भाग पकडतो, आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो, आणि कधी कधी आतडे अरुंद करून टाकतो.

हा आजार होतो कशाने? शरीराची संरक्षक शक्ती, जिने बाहेरच्या जंतूंशी लढायचे, तीच आपल्या आतड्याशी लढू लागते. तिला असे करायला काय लावते, त्याचे एकच एक उत्तर नाही. घराण्यातून आलेली प्रवृत्ती, आतड्यातले जंतू, राहणीमान अशा अनेक गोष्टींचा त्यात हात असतो. पूर्वी हा आजार युरोप-अमेरिकेचा समजला जाई. परंतु पंजाबात केलेली एक पाहणी 2003 साली प्रसिद्ध झाली, तीत दर लाख माणसांत सुमारे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. म्हणजे तो आपल्या दारात आलेला आहे.

इथे एक इशारा दिला पाहिजे. आपल्या देशात आतड्याचा क्षयही होतो, आणि तो क्रोन्ससारखाच दिसतो. दोहोंचे औषध मात्र अगदी वेगळे. म्हणून शौचावाटे रक्त पडणे, रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागणे, वजन उतरणे, बारीक ताप राहणे, यांपैकी काही असेल तर घरगुती काढ्यावर महिने काढू नका. तपासणी करून घ्या. मुंबईला के.ई.एम., सायन, नायर या रुग्णालयांत पोटाच्या विकारांचे स्वतंत्र विभाग आहेत.

आता मनाकडे वळू. पोट आणि मन यांचे नाते आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. चरकसंहितेत अतिसाराचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यातले दोन, भयाने होणारा अतिसार आणि शोकाने होणारा अतिसार, थेट मनाच्या खात्यावर टाकले आहेत. परीक्षेच्या सकाळी ज्याने दोनदा परसाकडची वाट धरली असेल, त्याला हे वेगळे पटवून द्यायला नको!

परंतु या खऱ्या गोष्टीचा पुढे विपर्यास झाला. 1950 च्या सुमारास पाश्चात्त्य वैद्यकात असे मत जोरात होते की, अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मुळात मनातूनच निघतो. अमुक एका स्वभावाच्या माणसाला तो होतो. परिणाम काय झाला? रोग्याच्या माथी रोगाबरोबर दोषही आला. "तू फार विचार करतोस ना, म्हणून झालं हे," असे त्याला घरचेच ऐकवू लागले. हे मत आता मागे पडले आहे. मनाचा ताण आजार भडकवू शकतो, हे खरे. परंतु केवळ स्वभावामुळे कोणाच्या आतड्याला व्रण पडत नाहीत. रोग्याला निदान या आरोपातून तरी मोकळे करा.

आज आपण असे म्हणतो की, वाट दुहेरी आहे. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे जाळे आहे, आणि त्यांची संख्या दहा कोटींहून कमी नाही. मेंदूपासून पोटापर्यंत व्हेगस नावाचा एक मोठा मज्जातंतू गेलेला आहे. गंमत अशी की, त्यातले बहुतेक तंतू खालून वर, म्हणजे पोटाची खबर मेंदूला नेणारे आहेत. हुकूम कमी आणि खबरी जास्त! शिवाय आतड्यात दाह असला म्हणजे त्यातून जी रसायने रक्तात उतरतात, ती मेंदूपर्यंत परिणाम करतात. ताप आल्यावर आपल्याला नकोसे होते, कोणाशी बोलू नये, पडून राहावे असे वाटते ना? काहीसे तसेच. फरक इतकाच की, ताप तीन दिवसांत उतरतो. हा दाह महिनोन् महिने राहतो.

म्हणून 2021 साली तीस हजारांवर रुग्णांच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा जवळजवळ तिघांत एकाला चिंतेची लक्षणे आणि चौघांत एकाला औदासीन्याची लक्षणे आढळली, यात आश्चर्य नाही. आजार उफाळलेला असताना हे प्रमाण आणखी वाढते.

मग यात ताटाचा संबंध कोठे आला? तीन ठिकाणी आला. ते एकेक करून पाहू.

पहिले ठिकाण म्हणजे उणीव. आतड्यातून रोज थोडे थोडे रक्त जात राहिले की लोह कमी होते आणि पंडुरोग होतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून बी-12 हे जीवनसत्त्व शोषले जाते. क्रोन्सने नेमका तोच भाग धरला, किंवा शस्त्रक्रियेत तो काढावा लागला, तर बी-12 कमी पडते. सल्फासालाझीन नावाचे जुने आणि उपयुक्त औषध आहे, त्याने फोलिक आम्लाचे शोषण घटते. ड जीवनसत्त्वही पुष्कळांत कमी असते. आणि या उणिवांची लक्षणे काय? थकवा, चित्त न लागणे, विसराळूपणा, चिडचिड, मन उतरणे. घरचे म्हणतात, "आळशी झालाय." तो मनात म्हणतो, "मी वेडा तर होत नाही ना?" आणि खरे कारण रक्ताच्या एका साध्या तपासणीत सापडण्याजोगे असते. मनाचे सगळेच दुखणे लोहाने बरे होईल असे माझे म्हणणे नाही. पण जे औषधाने भरून निघणारे आहे, ते नशिबावर का सोडावे?

दुसरे ठिकाण म्हणजे आतड्यातले जंतू. जंतू म्हटले की आपण दचकतो, पण मोठ्या आतड्यात राहणारे पुष्कळ जंतू आपले शेजारधर्म पाळणारे आहेत. आपण खाल्लेल्या भाजीपाल्यातला, डाळी-कडधान्यांतला, नाचणी-ज्वारीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून काही आम्ले तयार होतात. त्यांतले ब्युटिरिक आम्ल हे तर मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न आहे. ताटातून चोथा अजिबात गेला आणि बिस्किटे, वेफर, पाकिटातल्या शेवया, गोड पेये यांवर दिवस निघू लागले, की हे शेजारी उपाशी पडतात. त्याचा मनावर नेमका किती परिणाम होतो, यावर संशोधन चालू आहे.

ऑस्ट्रेलियात 2017 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. औदासीन्याच्या 67 रुग्णांपैकी काहींना बारा आठवडे भाजीपाला, कडधान्ये, फळे, मासे असा आहार शिकवला, आणि काहींना तितकाच वेळ गप्पांची सोबत दिली. पहिल्या गटातले सुमारे 32 टक्के औदासीन्यातून बाहेर आले. दुसऱ्या गटातले 8 टक्के. हे रुग्ण आतड्याच्या विकाराचे नव्हते आणि संख्याही लहान होती. तेव्हा यावरून ढोल वाजवू नये. परंतु आशा धरायला हरकत नाही.

तिसरे ठिकाण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ते म्हणजे अन्नाची भीती.

ती कशी वाढते, पहा. एके दिवशी वांगे खाल्ले आणि त्रास झाला, वांगे बंद. कोणी सांगितले दूध वाईट, दूध बंद. शेजारचे म्हणाले गहू सोडा; पोळी बंद. तिखट बंद, डाळ बंद, फळ बंद. होता होता ताटात उरतो मऊ भात आणि मीठ. पथ्य म्हणून सुरू झालेली गोष्ट उपासमार होऊन बसते. वजन उतरते, लोह उतरते, मन उतरते. मन उतरले की पोट आणखी हळवे होते. पुन्हा एक पदार्थ बंद. हे रहाटगाडगे आहे. आणि नुसते अन्नच सुटत नाही हो! लग्नाची पंगत सुटते, गणपतीत शेजाऱ्यांकडचे जेवण सुटते, कामावरच्या सोबत्यांबरोबरचा डबा सुटतो. आपल्याकडे माणसे जोडली जातात ती ताटावर. ताट सुटले की माणसे सुटतात. त्या पायरीवर बसलेल्या तरुणाला आतड्याने जेवढे छळले, तेवढेच या एकटेपणाने छळले आहे.

म्हणून आजचे माझे मुख्य सांगणे असे: या आजारात पथ्य हे ताट आखडण्यासाठी नसावे, आजार शांत होईल तसतसे ताट पुन्हा भरत नेण्यासाठी असावे.

प्रत्यक्षात हे कसे करायचे? आजार उफाळला असेल तेव्हा आतड्याला विश्रांती हवी, पण शरीराला अन्न हवेच. अशा वेळी मऊ भात, तांदळाची पेज किंवा उकड, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, दुधी-भोपळ्याची शिजवून घोटलेली भाजी, पिकलेले केळे, अंडे, चालत असेल त्यांना उकडलेला मासा, हे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा घ्यावे. वज्रेश्वरीच्या शेजारच्या वाडा तालुक्याचा कोलम तांदूळ प्रसिद्धच आहे. त्याचा मऊ भात आजाऱ्याला किती गोड लागतो, ते त्या भागातल्या आयांना सांगायला नको. पाणी भरपूर, आणि जुलाब जास्त असतील तर मीठ-साखरेचे पाणी.

आजार शांत झाला की एकेक पदार्थ परत आणायचा. एका वेळी एकच, तोही थोडा, आणि दोन-तीन दिवस वाट पाहायची. एक वही करा. तीत तीन रकाने पाडा: काय खाल्ले, पोट कसे होते, मन कसे होते. हा तिसरा रकाना विसरू नका. महिन्याभरात आपल्याला कळेल की, ज्या पदार्थांना आपण दोष देत होतो, त्यांतले कित्येक निर्दोष आहेत. रात्र जागून काढली होती, कामावर भांडण झाले होते, त्या दिवशी भेंडी विनाकारण पकडली गेली!

नाचणीकडे विशेष लक्ष द्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असते. ज्यांना स्टेरॉइडची औषधे घ्यावी लागतात त्यांची हाडे ठिसूळ होतात. त्यांना नाचणीचे सत्त्व, आणि पुढे सोसेल तशी भाकरी, फार चांगली. दूध सोसत नसेल त्यांना दही-ताक बहुधा सोसते. दुधाबरोबर तेही सोडण्याचे कारण नाही. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा म्हणजे लोह चांगले शोषले जाते, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, कारण चहा लोहाला अडवतो. तंबाखू-विडी मात्र सोडाच; विडी-सिगारेटने क्रोन्स बळावतो, हे सिद्ध झालेले आहे.

एक अपवाद सांगतो. ज्यांचे आतडे अरुंद झाले आहे, त्यांनी चोथ्याचे पदार्थ, कच्च्या भाज्या, साली-बिया स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. तिथे डॉक्टरांचे आणि आहारतज्ज्ञांचे मतच प्रमाण. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये तर सहा ते आठ आठवडे केवळ विशिष्ट द्रव आहारावर ठेवून दाह उतरवतात. आहारात एवढी शक्ती आहे; म्हणूनच तो औषधासारखा, सल्ल्यानेच वापरायचा.

आता उपवासाविषयी. देवीची नवरात्रे कडक करणारी पुष्कळ घरे आहेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात लोह-प्रथिने फारशी नाहीत. वर तळणी आणि दाण्याचे कूट. अशक्त रोग्याला नऊ दिवस त्यावर ठेवणे हे त्याच्या पोटाला आणि मनालाही जड जाते. आजाऱ्याला उपवासाची सूट आपल्या परंपरेने दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही, आणि आईने ती स्वतः होऊन द्यावी, म्हणजे मुलाच्या मनावरचे ओझे उतरेल.

कुंडाच्या स्नानाविषयीही सांगून टाकतो. ऊन पाण्याने आखडलेल्या सांध्यांना बरे वाटते, आणि या विकारात सांधेही दुखतात. तेव्हा आजार शांत असताना खुशाल स्नान करा. मात्र ते पाणी आतड्याच्या व्रणापर्यंत पोहोचत नाही. जुलाब चालू असताना, रिकाम्या पोटी, कढत पाण्यात फार वेळ बसल्यास घेरी येईल. आणि नवस बोलला म्हणून गोळ्या थांबवू नका. स्टेरॉइड तर एकाएकी कधीच थांबवू नये. त्या औषधाने झोप उडते, मन सैरभैर होते, हे खरे आहे. तसे झाले तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बेताने उतरवतील.

आणि शेवटी, ताट सुधारले, रक्त सुधारले, तरीही मन वर येत नसेल तर? तर मनाचे औषध मनाच्या डॉक्टरांकडून घ्यावे. आतड्याला औषध घेताना आपण लाजत नाही, मग मनाने काय गुन्हा केला? सरकारने 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस ही दूरध्वनीची सोय केली आहे. क्रमांक 14416. दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल तर वाट पाहू नका. त्याच क्षणी कोणाशी तरी बोला.

आता पुन्हा त्या पायरीकडे जाऊ. पुढच्या चैत्रात हीच मंडळी वज्रेश्वरीला निघाली आहेत असे समजा. या वेळी दादाने आधी चौकशी करून ठेवली आहे, वाटेत कोठे सोय आहे, देवळाजवळ कोठे आहे. वहिनीने डब्यात मऊ दहीभात आणि केळी घेतली आहेत, आणि ती याच्या एकट्यासाठी वेगळी काढलेली नाहीत, सगळ्यांनीच तेच खायचे ठरवले आहे. कोणी आग्रह करत नाही, कोणी "एवढंच?" असे विचारत नाही. तो आपल्या सोसेल तेवढे चार घास खातो आहे, पण पंगतीत बसून खातो आहे. त्याचा आजार गेलेला नाही. गोळ्या चालूच आहेत. तरी त्याच्या आईला विचाराल तर ती म्हणेल, "पोरगा माणसांत आला."

तेवढे साधले तर पथ्य फळाला आले असे समजावे.